खडीचं वाळवंट

म्युनिकच्या भुयारी रेल्वेचं टालकिर्शेन नावाचं एक स्टेशन आहे. तिथून वर आलं की गर्दीला दोन वाटा फुटतात. बाबागाड्या आणि नाचणारी पोरं प्राणिसंग्रहालयाकडे वळतात; स्टेशनाच्या भिंतींवर प्राण्यांची चित्रं आहेत ती त्यांच्यासाठीच. उरलेल्यांच्या काखेत टॉवेल, सायकलीच्या कॅरिअरला मांस भाजायची जाळी आणि हातात बाटल्यांची खोकी असतात. ही मंडळी झाडीत शिरतात. त्यांच्या मागं मागं गेलं की दहा मिनिटांत झाडी संपते आणि समोर पांढरीशुभ्र खडी पसरते. एक-दोन ट्रक खडी नव्हे, मैदानंच्या मैदानं. मधून हिरवट निळं पाणी खळाळत चाललेलं.

"मामा, चपला काढू नकोस," भाचा म्हणाला. मी काढल्या, आणि लगेच पुन्हा घातल्या. जुलैच्या उन्हानं वरचे गोटे तव्यासारखे तापले होते. पण हातानं एक थर बाजूला केला तर खालची खडी गार आणि ओली.

या भागाचं नाव फ्लाउखर. एकोणिसाव्या शतकात इथं खाणावळ चालवणाऱ्या माणसाचं हे आडनाव, आणि त्याच नावाची बिअरबाग आजही झाडांखाली भरते. नदीचं नाव ईझार. पंधरा लाख वस्तीचं शहर चारी बाजूंना आहे, मोटारींचे कारखाने आहेत, आणि मध्यावर हा प्रकार. कुणी पोहतंय, कुणी पुस्तक वाचतंय, कुणी बिअरच्या बाटल्या जाळीत बांधून प्रवाहात गार करत ठेवल्यात. एक आजोबा अंगावर सुतळीचा तोडाही न ठेवता शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. मी मात्र पहिली पाच मिनिटं फक्त झाडांच्या शेंड्यांकडे बघत चाललो.

मराठी माणसाला वाळवंट म्हटलं की राजस्थान नंतर आठवतं, आधी आठवते चंद्रभागा. नदीकाठी माणसं जमतात, बसतात, खातात, गातात ती मोकळी जागा म्हणजे वाळवंट. ईझारच्या काठी वाळूऐवजी खडी आहे आणि अभंगांऐवजी गिटार, पण जागा तीच. मला प्रश्न पडला तो वेगळाच. पॅरिसनं २००२ पासून कितीतरी उन्हाळे सीनच्या काठावर वाळू आणून टाकली आणि त्याला किनारा म्हटलं. मग इथं एवढी खडी कोणी आणून ओतली?

उत्तर ऐकून मी खाली बसलो. नदीनं. आणि तिनं ती आणावी म्हणून माणसांनी अकरा वर्षं खपून तिच्या वाटेतून स्वतःचंच बांधकाम काढलं.

पण त्याआधी हे गोटे. एक मूठ उचला. बहुतेक पांढरे किंवा राखाडी असतील: चुनखडक. ईझार उगम पावते ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, कारवेंडेल पर्वतात, आणि तो पर्वत मुख्यतः अशा चुनखडकाचा आहे. तेवीस-चोवीस कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्रात साचलेला हा गाळ. काही गोट्यांवर पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. खडकाला तडे गेले, त्यांत कॅल्साइट भरलं, त्या या रेघा. पाण्याचा तो हिरवट निळा रंगही याच दगडाची करणी आहे: बारीक झालेला चुनखडक पाण्यात तरंगतो आणि उजेड विखुरतो.

मुठीत एखादा विटकरी लाल गोटा सापडेल. त्याच्यावर नख घासलं तर नखच झिजेल. हा रेडिओलराइट. खोल समुद्रात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचे काचेसारखे सांगाडे तळाशी साचून तो झाला. म्हणजे एकाच मुठीत उथळ समुद्र आणि खोल समुद्र शेजारी शेजारी.

खरी गंमत तिसऱ्या गोट्यात. गडद हिरवा, जड, मधे मधे चमचमणारा. किंवा पट्ट्यापट्ट्यांचा, अभ्रकाची चकाकी असलेला. हा अँफिबोलाइट, तो नाइस. असा खडक ईझारच्या खोऱ्यात कुठंच नाही! उगमापासून इथपर्यंत दोन्ही बाजूंचे डोंगर पालथे घातले तरी मिळायचा नाही. तो आहे मधल्या आल्प्समध्ये, इन नदीच्या पलीकडे. मग डोंगराची भिंत ओलांडून तो आला कसा? बर्फाच्या पाठीवरून. हिमयुगात इनच्या खोऱ्यातली हिमनदी इतकी फुगली की झेफेल्ड नावाच्या खिंडीवरून सांडून ईझारच्या बाजूला उतरली, आणि येताना आपल्याकडचे दगड घेऊन आली. बर्फ वितळला, दगड मागं राहिले, नदीनं ते लोटत लोटत खाली आणले. म्युनिक शहर उभं आहे तेही वितळत्या बर्फाच्या पाण्यानं पसरलेल्या अशाच खडीच्या मैदानावर. नदीला खडी कुठून आणू हा प्रश्न कधी पडलाच नाही.

मुठीतला दगड फेकण्याआधी पायाखाली एकदा बघा. चपटे गोटे कसेही पडलेले नाहीत. ते एकमेकांवर रेललेत, अगदी मंगलोरी कौलांसारखे, आणि सगळ्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या अंगाला. आडवा पडलेला चपटा दगड पूर उचलून नेतो; वरच्या अंगाला झुकलेल्या दगडाला पाणी आणखीच दाबून बसवतं. म्हणून पुरानंतर तेवढेच टिकतात. पाणी आटून गेल्यावरही नुसती खडी बघून नदी कुठून कुठं वाहत होती ते सांगता येतं. भूवैज्ञानिक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांची दिशा याच खुणेवरून वाचतात. मी चार-पाच ठिकाणी तपासलं. कुठंच चुकलं नाही.

आता नावाबद्दल थोडं. भाषाशास्त्रज्ञ ईझार हे नाव वेगानं धावण्याच्या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात, आणि त्याच कुळातला म्हणून संस्कृतातला 'इषिर' हा शब्द दाखवतात. इषिर म्हणजे चपळ, जोमदार. ऋग्वेदातला शब्द बव्हेरियात असा पायाशी येऊन खळाळला की मराठी माणसाला उगीचच घरच्यासारखं वाटतं.

चपळ नदी शहराला परवडत नाही. म्युनिकचा जन्मच एका पुलाच्या भांडणातून झाला. मिठाची वाट नदीच्या खालच्या अंगाला बिशपच्या पुलावरून जायची आणि जकात बिशपला मिळायची. हाइन्रिख नावाच्या ड्यूकनं तो पूल पाडला आणि आपला पूल इथं बांधला. सम्राटानं १४ जून ११५८ ला निवाडा दिला, तोच आज शहराचा वाढदिवस. पुढं शतकानुशतकं डोंगरातलं लाकूड तराफ्यांवरून इथं उतरलं. आज त्याच तराफ्यांवर हौशी मंडळी बँडबाजा आणि बिअरच्या पिंपासह खाली येतात.

पण नदी अधूनमधून हिशेब चुकता करायची. १८१३ च्या सप्टेंबरात पूर बघायला पुलावर जमलेली शंभरावर माणसं पुलासकट गेली. १८९९ च्या पुरानं दोन पूल पाडले. तेव्हाच्या इंजिनिअरांनी तेव्हाच्या शहाणपणानं वागून नदीला सरळ केलं. काठ दगड-काँक्रीटनं बांधले, कडेला गवताची सपाट पट्टी ठेवली, तळाला पायऱ्यांसारखे आडवे बंधारे घातले. शेजारून विजेसाठी कालवा काढला आणि नदीचं बहुतेक पाणी त्यात वळवलं. वर डोंगरात ऑस्कर फॉन मिलर यांच्या वाल्खेनझे वीजकेंद्रानं १९२४ पासून आणखी पाणी ओढलं. हेच मिलर म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक, आणि ते म्युझियम उभं आहे ईझारमधल्याच एका बेटावर. नदीवर या माणसाचा फार जीव होता, फक्त तो टर्बाइनमधून जाणाऱ्या नदीवर.

१९५९ मध्ये वरच्या अंगाला झिल्वेनश्टाइन धरण पूर्ण झालं. त्यानं पूर अडवले. उन्हाळ्यात नदी पार आटू नये म्हणून साठ्यातलं पाणीही सोडलं जातं. पण धरण पाण्याबरोबर खडीही अडवतं. खडीविना निघालेलं पाणी उपाशी असतं. वाहायला काही नाही, मग ते स्वतःचाच तळ खरवडत सुटतं. ईझारचा तळ असा वर्षानुवर्षं खोल गेला. म्हणूनच धरणामागं साचलेली खडी काही ठिकाणी उपसून खालच्या पात्रात टाकावी लागते. ट्रकनं खडी टाकतात ती अशी. किनारा करायला नव्हे, नदीची भूक भागवायला.

मुठेकाठी वाढलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. आम्ही नदीपात्रातल्या रस्त्यावरून स्कूटर चालवायला शिकलो. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं हे पावसाळ्यात आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखं विचारतात. त्या भाषेत सांगायचं तर म्युनिकमधल्या मूळ पात्रात कालव्यातून उरलेलं पाणी वाहायचं ते सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे जेमतेम १७७ क्युसेक. इतक्या पाण्यात नदी नांदत नाही, नुसती हजेरी लावते.

मग १९९५ च्या सुमाराला शहर आणि बव्हेरिया राज्यानं मिळून एक योजना आखली. नाव अगदी सरकारी: ईझार-प्लान. काम फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालं आणि २०११ मध्ये संपलं. ग्रोसहेसेलोहेच्या पुलापासून म्युझियमच्या बेटापर्यंत ८ किलोमीटर, खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. पात्रात सोडायचं किमान पाणी ५ वरून १२ घनमीटरवर नेलं, म्हणजे सव्वाचारशे क्युसेकच्या आसपास. काठाचं काँक्रीट उखडलं. जिथं पात्र पन्नास मीटर होतं तिथं ते नव्वद मीटरपर्यंत रुंद केलं. आडवे बंधारे काढून मोठमोठ्या खडकांचे विस्कळीत उतार केले, म्हणजे मासे वर चढू शकतील आणि मुलं त्या खडकांवर बसून पाय सोडू शकतील. पुराचे बांध उंच आणि पक्के करताना त्यांच्यावरची जुनी झाडं तोडावी लागू नयेत म्हणून जागोजागी बांधाच्या पोटातच भिंत घातली.

आणि मग किनारा बांधायचं सोडून ते थांबले. नदी फुगली, वरून खडी आली, पाणी पसरलं तिथं मंदावलं, मंदावलं तिथं खडी टाकून गेलं. झाला किनारा. पुढच्या पुरानं तो हलवला. कुठं बेट झालं, कुठं खाडीसारखा निवांत कोपरा.

एवढ्यावर थांबलं तर ही गोष्ट फार गोड होईल, आणि खोटी. तुम्ही ज्या काठावर लोळत पडता, त्याच्या मागं काही मीटरवर मातीखाली दगडांची पक्की भिंत पुरलेली आहे. जर्मन मंडळी तिला झोपलेलं संरक्षण म्हणतात. नदीनं काठ खात खात यावं, खुशाल यावं, पण त्या भिंतीशी आली की भिंत जागी होते. घराच्या बाजूला एक पाऊलही पुढं नाही. म्हणजे मोकळीक आहे, पण अंगणापुरती. फाटकाला कडी लावून पोराला खेळायला सोडावं तशी. मला यात फसवणूक वाटली नाही, उलट कारागिरी वाटली. काँक्रीट दाखवणारे इंजिनिअर पुष्कळ असतात. आपलं काम कुणाला दिसू नये म्हणून पैसे आणि अक्कल खर्चणारे विरळा.

शहराच्या गाभ्याशी, राइशनबाख पुलाजवळ, मात्र भांडण झालंच. तिथल्या काठासाठी स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस मिळालेल्या आराखड्यात सरळ, कोनदार, नागरी रेषा होत्या. नागरिकांनी कल्ला केला: दक्षिणेला नदी मोकळी सोडलीत आणि इथं पुन्हा इस्त्री करता? दुसऱ्या क्रमांकाचा आराखडा नदीच्या वळणानं जाणारा होता. शेवटी दोन्हीतलं थोडं थोडं घेऊन तोडगा निघाला. आज पुलावर उभं राहून बघितलं तर स्पर्धेची शंकाही येत नाही. संध्याकाळी काठ माणसांनी इतका भरलेला असतो की दगडच दिसत नाहीत.

खडी झाली, पण पाण्याचं काय? वरच्या अंगाला गावं आहेत, गावांना सांडपाणी आहे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात जंतू असतातच. इथं योजली ती युक्ती मला अजून थक्क करते: प्रकाश. डोंगरापासून म्युनिकपर्यंतच्या केंद्रांमधून बाहेर पडणारं पाणी उन्हाळी महिन्यांत अतिनील दिव्यांखालून सोडतात. तो प्रकाश जंतूंना जाळत नाही, भाजत नाही. त्यांच्या डीएनएची वीण बिघडवतो. जंतू जिवंत राहिला तरी त्याला आपली दुसरी प्रत काढता येत नाही. वंश खुंटला की रोगही खुंटला. पाण्यात औषध नाही, वास नाही, माशांना त्रास नाही. जोराचा पाऊस झाला की शेतातलं, रस्त्यावरचं पाणी थेट नदीत येतं आणि तिथं दिव्यांचा इलाज चालत नाही. तेव्हा दोन-तीन दिवस शहाणी माणसं काठावरूनच नदी बघतात.

गार किती ते विचारू नका. भर उन्हाळ्यातही पाणी बहुधा वीस अंशांच्या आतच असतं. भाचा सरळ आत गेला. मी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग पुन्हा घोट्यापर्यंत. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की ओढ कळते. पायाखालची खडी एकेक करून निसटते आणि माणूस न हलताच हलतो. डोकं पाण्याखाली घातलं तर एक बारीक किणकिण ऐकू येते. गोटे एकमेकांवर आपटत खाली चालले आहेत त्याचा आवाज. आपण सुट्टी घालवत असतो आणि नदीचं काम चालूच असतं.

याच पाण्याचा एक फाटा शहराखालून जातो आणि इंग्लिश गार्डन या प्रचंड बागेच्या तोंडाशी बाहेर येतो. त्याचं नाव आइसबाख, बर्फाचा ओढा. तिथं हाउस डेर कुन्स्ट या कलादालनाशेजारच्या पुलाखाली माणसं सर्फिंग करत आली आहेत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि इथं काळे रबरी सूट घातलेली तरुण मंडळी फळ्या घेऊन रांगेत उभी. ही हौस १९७० च्या दशकातली, रीतसर परवानगी मिळाली २०१० मध्ये.

लाट कशी होते ते बघायला म्युनिकला जायची गरज नाही. स्वयंपाकघरात नळाखाली ताट पालथं धरा आणि बारीक धार सोडा. धार पडते तिथं पाण्याचा पातळ, गुळगुळीत गोल होतो. थोड्या अंतरावर तेच पाणी एकदम जाड होऊन उठतं आणि कडं धरतं. आतलं पाणी इतक्या वेगानं पळतंय की त्यावर उठलेला तरंग उलटा चढूच शकत नाही. बाहेरचं पाणी संथ आहे. वेगवान पाणी संथ पाण्यावर आदळतं तिथं त्याला वर उठल्याशिवाय गत्यंतर नसतं. आइसबाखची लाट म्हणजे हेच कडं, साधारण माणसाच्या कमरेएवढं उंच. समुद्रात लाट पुढं जाते आणि पाणी जागच्या जागी वरखाली होतं. इथं पाणी पुढं जातं आणि लाट जागच्या जागी. म्हणून फळीवरचा माणूस ताशी कितीही वेगानं घसरला तरी पुलाखालीच राहतो.

ही लाट किती नाजूक आहे ते २०२५ च्या शरदात कळलं. दरवर्षीप्रमाणे ओढ्याचं पाणी तोडून तळ साफ केला, गाळ-खडी काढली, पुन्हा पाणी सोडलं, आणि लाट उठेना. वर्षानुवर्षं जगभरचे लोक जी बघायला येत होते ती गायब. पाण्याची पातळी, तळाचा चढ, खाली साचलेली खडी, यांच्या नेमक्या जुळणीवर ती उभी होती. खडी किती हवी याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

मूळ नदीतही तसंच. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मधे एक मोठं पाणी येऊन गेलं होतं. पहिल्या खेपेला आम्ही बसलो होतो ती खडीची जीभ शोधत शोधत गेलो. तिच्या टोकाला वाहून आलेला एक पांढरा ओंडका होता, त्याला टेकून मी अर्धा दिवस काढला होता. भाच्यानं मोबाइलवर जुना फोटो काढला, मागचं झाड जुळवलं, पूल जुळवला. जीभ नव्हती. आम्ही बसलो होतो तिथं कंबरभर पाणी होतं, आणि पलीकडच्या काठाला नवी खडी चढली होती. तिथं एक मुलगा चपटे गोटे निवडून पाण्यावर भाकऱ्या मारत होता. ओंडका मात्र कुठंच दिसला नाही.

येताना एक हिरवा गोटा उचलला, मुठीत जेमतेम मावेल असा. बर्फानं एक डोंगर ओलांडवलेला, नदीनं म्युनिकपर्यंत गोल करत आणलेला. पुढचा टप्पा विमानानं, बॅगेच्या वजनात. पुण्याला बहिणीनं तो हातात घेतला, जोखला, धुतला. रविवारी तिच्याकडे दडपे पोहे असतात. ओलं खोबरं, कांदा, लिंबू घालून पोहे पातेल्यात दाबते, वर झाकण ठेवते आणि झाकणावर तो गोटा. "वजनाला बरा आहे," म्हणाली. "आणखी एक आणायचास."